गौतम गवंड्याचे टक्के

हिंगोलीच्या बाजारात गेले की अजूनही एखादी बाई लांबून हाक मारते, "ओ टक्केवाल्या बाई!" आजूबाजूची माणसं वळून माझ्याकडे बघतात. टक्केवारी हा शब्द आपल्याकडे किती बदनाम आहे ते मी सांगायला नको. नोकरीला लागले तेव्हा शेजारच्या काकूंनी माझ्या सासूबाईंना हळूच विचारलं होतं, "तुमची सून दवाखान्यात टक्के घेती म्हणं?" सासूबाई भोळ्या. त्या म्हणाल्या, "घेत न्हाई, देती." त्यामुळे गैरसमज दूर व्हायच्या ऐवजी दुप्पट झाला.

तर आता खुलासा करून टाकते. मी सरकारी दवाखान्यात समाजसेवा अधीक्षक होते. पदाचं नाव भारदस्त आहे, टेबल मात्र लहान होतं आणि त्याचा एक पाय आखूड होता. दर बुधवारी आमच्याकडे दिव्यांग तपासणीचा बोर्ड बसायचा. बोर्ड बसतो म्हणजे डॉक्टर बसतात, माणसं उभी असतात. कुणाचा पाय गेलेला, कुणाला ऐकू येत नाही, कुणाची दृष्टी गेलेली. त्याचं नेमकं किती गेलं हे डॉक्टर तपासतात आणि टक्क्यांत लिहून देतात. चाळीस किंवा त्याच्या वर निघाले तर ते प्रमाणपत्र उपयोगाचं. त्यावर निराधारचं अनुदान मिळतं, एसटीची सवलत मिळते, आणखी दोनचार दारं उघडतात. चाळीसच्या खाली निघाले तर तो कागद घरी नेऊन पत्र्याच्या पेटीत ठेवायचा. माझं काम म्हणजे माणसाची घरची हकीकत लिहून डॉक्टरांना द्यायची, कुठला कागद कुठे लागतो ते सांगायचं, आणि टक्के कळल्यावर जो आरडाओरडा होतो तो आपल्या अंगावर घ्यायचा.

आरडाओरडा का, तर आपल्या लोकांच्या डोक्यात टक्के म्हणजे दहावीचे टक्के. जितके जास्त तितकं चांगलं. पस्तीस टक्के निघालेले एक काका आमच्याच जिल्ह्यातल्या गोरेगावहून जीपला लटकत परत आले आणि मला म्हणाले, "बाई, पाचच कमी पडून राहिले. ग्रेसचे टाका की." दुसऱ्या एकाला पंचाहत्तर मिळाले तर तो रुसून बसला, कारण त्याच्या भावकीतल्या माणसाला ऐंशी होते. भावकीत मागे पडणं त्याला पाय गेल्यापेक्षा जड गेलं.

करीमचाचा म्हणून एक बांगड्यांचे व्यापारी होते. त्यांचा एक डोळा गेला. एका डोळ्याचे नियमाने तीस टक्के होतात. चाचांनी माझ्यासमोर बोटं मोजली. "बाई, दो आँखें सौ. एक गई तो पचास. हिसाब तो बराबर करो." मी म्हटलं, चाचा, सरकारी नियम आहे, माझ्या हातात नाही. त्यांनी कागदाची घडी करून खिशात ठेवली आणि उठता उठता म्हणाले, "मतलब सरकार कू भी एकीच आँख है." मी हसले आणि त्यांना चहा पाजला. तसे माझ्या पगारातले बरेचसे पैसे चहात गेले.

पण सगळ्यांत अवघड असायची ती डोक्याला मार लागलेली माणसं. मोटारसायकलवरून पडलेली, झाडावरून पडलेली. नांदेडला ऑपरेशन होऊन जीव वाचतो. हातपाय शाबूत, बोलणं नीट. डोक्यावर केस परत आले की टाके झाकले जातात आणि गाव म्हणतं, झाला की बरा. घरात मात्र माणूस बदललेला असतो. कुणाला राग आवरत नाही, कुणाला सकाळचं दुपारी आठवत नाही. आणि काहींचं फक्त सुचणं जातं.

हा सुचणं शब्द आपण रोज वापरतो, पण त्याचा अर्थ मला ह्या नोकरीत कळला. आपण उठतो, चूळ भरतो, चहा टाकतो. ह्यातलं प्रत्येक पुढचं काम आतून कुणीतरी सुचवत असतं. ते सुचवणारं बंद पडलं की माणूस हातात ब्रश धरून मोरीत उभाच राहतो. ब्रश कशाचा, हे त्याला पक्कं ठाऊक असतं. विचारलं तर उपयोगही सांगतो. फक्त दात घासायचे राहून जातात. कुणी "घासा" म्हटलं की घासतो, आणि "बस करा" म्हणेपर्यंत घासत राहतो.

डोंगरकडा गावचे गौतम असे होते. गवंडी माणूस. पंचक्रोशीत त्यांच्या हाताचं नाव होतं. दुसऱ्या मजल्याचं प्लॅस्टर करताना बांबूच्या परांचीवरून खाली पडले, डोक्यावरच. नांदेडला महिनाभर काढून घरी आले तेव्हा सगळ्यांनी हार घातले. त्यानंतर वर्ष गेलं आणि हार घालणारेच म्हणायला लागले, "हट्टाकट्टा माणूस दारात बसून राहतो. सोंग करून राहिला." सख्खा भाऊसुद्धा असंच म्हणायचा. गौतमभाऊ ते ऐकत बसायचे आणि कुणाला काही उत्तर द्यायचे नाहीत.

बोर्डाच्या दिवशी हे कुटुंब आलं ते बघण्यासारखं होतं. सकाळी विहारात वंदना करून आलेले. गौतमभाऊंच्या अंगात पांढराशुभ्र शर्ट, केसांना तेल, खिशाला पेन. बरोबर त्यांची बायको रंजनाताई आणि रंजनाताईंचा धाकटा भाऊ प्रकाश. हे प्रकाश सर गावात पोरांची स्कॉलरशिपची शिकवणी घेतात. मी पद्धतीप्रमाणे हकीकत विचारायला घेतली. गौतमभाऊ शेजारीच बसले होते.

"रंजनाताई, घरी कसं काय आहे ह्यांचं? काही त्रास?"

"न्हाई बाई. बराबर हायेत. काही तकलीफ न्हाई."

"काही विसरणं, चिडणं?"

"न्हाई न्हाई. लई शांत हायेत."

मी दोनचार प्रकारे विचारून पाहिलं. उत्तर तेच, बराबर हायेत. मी तसं लिहिलं आणि गौतमभाऊंना आत घेऊन गेले.

आमच्या मनोविकाराच्या डॉक्टर मॅडम वयाने लहान पण शांत डोक्याच्या. त्यांनी नेहमीचे प्रश्न विचारले. आज कोणता वार? बुधवार. जिल्हा कोणता? हिंगोली. शंभरातून सात वजा करत जा. गौतमभाऊंनी शाळेतल्या पोरासारखी पाठ ताठ केली आणि सुरू झाले, त्र्याण्णव, शहाऐंशी, एकोणऐंशी, बहात्तर. मॅडम "बस" म्हणाल्या तरी ते थेट दोनपर्यंत जाऊनच थांबले. मी तीस वर्षं हा प्रश्न ऐकला, पण दोनपर्यंत गेलेला माणूस पहिल्यांदा बघितला. मला स्वतःला अजून जमत नाही. वर्षाचे महिने उलटे विचारले, तेही घडाघडा. मॅडमच्या कपाळावर आठी आली, पण उत्तरं बरोबर असली की डॉक्टर तरी काय करणार? पडल्यामुळे डाव्या हाताची पकड थोडी कमी झाली होती, त्याचे तेवढे बारा टक्के निघाले.

बाहेर प्रकाश सर दाराला कान लावून उभे होते. त्यांचा चेहरा अभिमानाने फुलला होता. मी त्यांच्या हातात कागद दिला तर ते आधी बाराच्या पुढे आणखी काही लिहिलंय का ते बघत राहिले.

"बारा? म्याडम, बारा कसे? सगळे उत्तरं बराबर दिले दाजीनं. म्या सोता ऐकलं."

"बरोबर दिली म्हणूनच बारा, सर."

"रीचेकिंगचा फॉर्म कुठं भेटतो?"

मी त्यांना बाकावर बसवलं आणि विचारलं, हे प्रकरण काय आहे. तेव्हा उलगडा झाला. गावातला कुणी एकजण पूर्वी बोर्डापुढे येऊन गेला होता. डॉक्टर काय काय विचारतात हे त्याने जीपमध्ये सगळ्यांना सांगितलं. शिवाय चाळीस टक्के पडले पाहिजेत हेही सांगितलं. प्रकाश सरांनी त्याचा प्रश्नसंच तयार केला आणि दाजींना रोज सकाळ-संध्याकाळ घोटून घेतलं. चाळीसला पास, तर आपण ऐंशीची तयारी करू, असा त्यांचा विचार. ज्या घरात शिक्षणावर इतकी श्रद्धा, त्या घरात परीक्षेला माणूस कच्चा कसा पाठवायचा?

मी म्हटलं, "सर, इथे माणसाला काय येतं त्याचे टक्के नसतात. त्याचं काय गेलं त्याचे असतात."

ते कागदाकडे बघत हळू आवाजात म्हणाले, "म्हंजे म्या चांगला शिकवला म्हून दाजी नापास झाले?"

मला हसू येत होतं आणि त्या माणसाची दयाही येत होती. म्हटलं, "तुमच्यासारखा शिकवणारा सगळ्या पोरांना मिळो. दाजींना मात्र आता सुट्टी द्या."

एवढ्यावर हे प्रकरण संपलं असतं. आमच्याकडे अशी बरीच संपायची. पण पुढच्या सोमवारी रंजनाताई एकट्याच आल्या. बसमधून उतरून थेट माझ्या टेबलापाशी. पदराने घाम पुसायलाही थांबल्या नाहीत.

ज्याच्या कामावर गौतमभाऊ पडले होते त्या गुत्तेदाराने, म्हणजे ठेकेदाराने, तो बारा टक्क्यांचा कागद बघितला होता. चांगला गवंडी हल्ली मिळत नाही, त्याला गौतमभाऊ हवेच होते. तो चौकात सगळ्यांसमोर म्हणाला, "बारा टक्के गेलं म्हंजे अठ्ठ्याऐंशी टक्के माणूस हाय की. मपल्याकडं पन्नास टक्केवाले बी काम करतेत." माणसं हसली. रंजनाताईंच्या दिराने लगेच होकार देऊन टाकला. येत्या शुक्रवारपासून गौतमभाऊंनी दुसऱ्या मजल्यावर परांचीवर चढायचं ठरलं.

"मग ते काय म्हणाले?" मी विचारलं.

"ते कुणालाच न्हाई म्हनत न्हाईत, बाई. चढा म्हनलं की चढतेत. पर उतरा म्हनाया वर कोन ऱ्हाईल?"

मी बाकी सगळे कागद बाजूला सारले आणि दोन चहा सांगितले.

आता माझ्या धंद्यातली एक गोष्ट सांगते. आपल्याकडच्या बाईला "नवऱ्याला काय होतं?" असं कधी विचारू नये. उत्तर ठरलेलं असतं, काही तकलीफ न्हाई. चारचौघांत आपल्या माणसाचं उणं काढायचं नाही, हे तिला लहानपणापासून शिकवलेलं असतं, आणि सरकारी दवाखान्यात तर चारचौघं नाही, चाळीसजण असतात. म्हणून तिला एकटीला बसवायचं आणि फक्त कालचा दिवस विचारायचा. सकाळी उठल्यापासून. म्हणजे ती तक्रार करत नाही, नुसतं सांगते. मी तसंच विचारलं.

रंजनाताई सांगायला लागल्या. सकाळी ह्यांना उठवावं लागतं. उठले की खाटेवर बसून राहतात. चूळ भरा म्हटलं की भरतात. न्हाणीत पाठवलं तर पाण्याची बादली तशीच, हे कोरडेच बाहेर. पायात एक चप्पल घालून दुसरी बाजूला असताना दारात उभे. वाढलं तर जेवतात, वाढत राहिलं तर जेवतच राहतात. गेल्या आठवड्यात एकदा धाकट्या लेकराला शाळेतून आणायला निघाले ते रस्त्यात भजनी मंडळ दिसलं म्हणून त्यांच्याबरोबर बसले. लेकरू शाळेच्या फाटकाशी रडत होतं.

"आणि कामाचं? घरी काही बांधकाम करून बघितलं का त्यांनी?"

त्यांनी पदर तोंडाला लावला. मला वाटलं रडतायत, पण हसू दाबत होत्या.

"शांताबाईची न्हाणी बांदली, बाई."

"मग?"

"शेजारच्या शांताबाईनं इचारलं, गौतमभाऊ, मपल्या न्हाणीच्या चार भिंती घेऊन द्या. लई दिवसानं यायनं हातात थापी धरली. मला बरं वाटलं. म्या शेतात कामाला गेले. वापस आले तर सगळी गल्ली गोळा झालेली. चार भिंती उभ्या. वळंब्यात, एक ईट वाकडी न्हाई. आन् हे आतमदी."

"आतमध्ये म्हणजे?"

"दरवाजा ठिवलाच न्हाई! शांताबाई चार भिंती म्हनली, यायनं चार बांदल्या. गळ्याइतक्या झाल्या तवा ईटा सरल्या म्हून थांबले. आतमदी उभे. मला बगून म्हनले, रंजे, ईटा दे."

मी हसले. आवरलंच नाही. रंजनाताईही हसल्या, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. मग ते पाणी हसण्याचं राहिलं नाही. शिडी लावून त्यांना बाहेर काढलं, म्हणाल्या, आणि गल्लीतली पोरं आठ दिवस "रंजे, ईटा दे" ओरडत फिरत होती.

"ताई, हे बुधवारी का नाही सांगितलं?"

"काहून सांगू? ते बाजूलाच बसले व्हते. गल्ली हसली ते काय कमी व्हतं? अजून डाक्टर हसले असते."

मी ते सगळं लिहिलं आणि डॉक्टर मॅडमना दिलं. त्यांनी वाचलं, पुन्हा वाचलं. नांदेडचं डिस्चार्ज कार्ड आणि स्कॅन काढायला लावलं. मग म्हणाल्या, "फेरतपासणीचा अर्ज घ्या. ह्याच बुधवारी बोलवा. आणि त्या सरांना सांगा, दोन दिवस दाजींशी हवापाण्याशिवाय काही बोलायचं नाही."

शुक्रवारच्या आधी तेवढा एकच बुधवार होता.

बुधवारी परत तोच पांढरा शर्ट, तेच पेन. ह्या वेळी मॅडमनी रंजनाताईंना आणि प्रकाश सरांना आत मागे बसवलं. पहिला प्रश्न विचारला, "गौतमभाऊ, घरी कोण कोण असतं?"

गौतमभाऊंनी पाठ ताठ केली. "बुधवार."

"लेकरं किती?"

"हिंगोली."

"मोठं कितवीत आहे?"

"त्र्याण्णव, शहाऐंशी, एकोणऐंशी..."

प्रकाश सरांनी कपाळावर हात मारला. गौतमभाऊंचा काहीच दोष नव्हता. समोर डॉक्टर बसले की हेच म्हणायचं असं त्यांना शिकवलं होतं, आणि डोक्याला मार लागल्यापासून तेवढी एकच गोष्ट त्यांच्या डोक्यात पक्की बसली होती. मॅडम दोन येईपर्यंत थांबल्या. मग खुर्ची पुढे ओढून, हळू, एकेक शब्द सुटा करून त्यांनी परत विचारलं, तेव्हा गौतमभाऊ म्हणाले, "मी, रंजी आन् दोन लेकरं." आणि लेकरांची नावं सांगून छान हसले.

मग मॅडमनी त्यांना एक काम दिलं. खाली कॅन्टीनमधून तीन चहा आणायचे, त्यातला एक बिनसाखरेचा, आणि जाता जाता हा कागद खालच्या खिडकीवर द्यायचा. गौतमभाऊंनी ते सगळं जसंच्या तसं म्हणून दाखवलं. बिनसाखरेचासुद्धा. मॅडमनी प्रकाश सरांना सांगितलं, तुम्ही लांबून मागे जा, फक्त त्यांना कुठे लागू नये एवढं बघा. एक शब्द बोलायचा नाही.

बराच वेळ गेला. बोर्डाची रांग चुळबुळायला लागली. मी दारात जाऊन बघून आले. शेवटी गौतमभाऊ आले. हातात चहा नव्हता. हातात केसपेपर होता, डोळ्यांच्या विभागाची चिठ्ठी होती आणि डोळ्यांत टाकायच्या थेंबांची बाटली होती.

"चहा?" मॅडमनी विचारलं.

"कोनता चहा?"

"हे कुठून आणलं?"

"खाली रांग होती. मी उभा राहिलो."

"डोळ्यांना काय झालं?"

"म्होरचा डोळे म्हनला. म्या बी डोळे म्हनलो."

मॅडम खूप सभ्य बाई, पण त्यांनाही हसू आवरेना. गौतमभाऊही आमच्याबरोबर हसले, सगळे हसतायत म्हणून. खिडकीवर द्यायचा कागद त्यांच्या खिशात पेनाशेजारीच होता. मागून प्रकाश सर आले ते घामाने भिजलेले. "म्याडम, एक शब्द बोललो न्हाई," ते म्हणाले, "रांगेत दाजी डोळे तपासाया चालले आन् म्या खांबाआड जीभ चावून उभा. आयुष्यात इतकं आवघड काम केलं न्हाई." मला वाटतं त्या दिवशी खोलीत सगळ्यांत कठीण परीक्षा त्यांचीच झाली.

मॅडमनी उरलेली तपासणी सावकाश केली आणि रंजनाताईंकडून सगळं पुन्हा वदवून घेतलं, न्हाणीसकट. ह्या वेळी त्या नवऱ्यासमोर बोलल्या. आधी खाली बघत, मग सरळ डॉक्टरांकडे बघत. दुपारी साठ टक्के लिहून आले.

"फर्स्ट क्लास!" प्रकाश सर ओरडले आणि लगेच स्वतःच्या तोंडावर हात ठेवला.

पुढचं थोडक्यात सांगते. प्रकाश सरांनी तो कागद डोंगरकड्याच्या चौकात गुत्तेदाराला मोठ्याने वाचून दाखवला. गुत्तेदार वाईट माणूस नव्हता, घाबरट होता. साठ हा आकडा ऐकून त्याने हात जोडले. गौतमभाऊ शुक्रवारी परांचीवर चढले नाहीत आणि त्यानंतर कधीच चढले नाहीत. नंतर शांताबाईच्या मुलाने त्यांना आपल्या बांधकामावर खाली विटा भिजवायला बसवलं. पाणी मारा म्हणायला आणि बस करा म्हणायला शेजारी माणूस असतो. निराधारचं अनुदान यायला तहसीलच्या बऱ्याच चकरा झाल्या, पण सुरू झालं. मिळतं ते थोडंच आहे, त्यात घर चालत नाही. ते मी नोकरीत असताना वरच्यांना सांगत आले आणि आता इथे लिहितेही.

एक खंत आहे. गौतमभाऊंसारखे कितीतरी पांढरे शर्ट माझ्यासमोरून बारा-पंधरा टक्के घेऊन गेले असतील. त्यांच्या बायकाही म्हणाल्या असतील, बराबर हायेत. त्यातल्या सगळ्याच सोमवारी परत आल्या नाहीत. निवृत्त झाल्यावर दुपारी पडल्या पडल्या मला त्यांचे चेहरे आठवतात आणि मग झोप लागत नाही.

पण त्या बुधवारचं माझ्या मनात राहिलंय ते वेगळंच. साठ टक्क्यांचा कागद घेऊन ती तिघं माझ्या टेबलाशी आली होती. मी प्रकाश सरांना पुढे तहसीलला काय करायचं ते समजावत होते. गौतमभाऊ कागदाकडे बघत उभे होते. त्यांनी आपणहून कधी काही विचारल्याचं मी बघितलं नव्हतं. म्हणून त्यांनी "बाई" म्हटलं तेव्हा मला आधी कळलंच नाही की ते मला म्हणतायत.

"बाई, ह्याच्यावर काय लिवलंय?"

"तुमच्या डोक्याला मार लागलाय म्हणून तुम्हाला कामं सुचत नाहीत, असं लिहिलंय."

"म्हंजे मी सोंग न्हाई करून राहिलो?"

मी म्हटलं, "नाही, गौतमभाऊ. तुम्ही सोंग करत नाही. डॉक्टरांनी सही करून दिलंय."

त्यांनी मान हलवली. मग रंजनाताईंकडे हात केला. "हिला बी सांगा."

मी रंजनाताईंकडे बघितलं. माझ्या तीस वर्षांच्या नोकरीत मी टेबलापलीकडच्या बाईकडे बघायला कधी घाबरले नव्हते, त्या वेळी घाबरले. मागे रांग उभी होती, सगळी माणसं ऐकत होती. नवऱ्याचं उणं चारचौघांत काढायला लाजणारी ती बाई सगळ्यांसमोर म्हणाली, "बोलले व्हते म्या, बाई. एकदा लेकराला ताप व्हता आन् हे पान्याचा गिल्लास हातात घिऊन नुसते उभे. तवा म्या ह्यायला म्हनले, सोंग करून राहिले. चुकलं मपलं."

गौतमभाऊ बायकोला म्हणाले, "असू दे, रंजे. मला बी तसंच वाटत व्हतं."